घरच्या घरी सस्पेन्शन लिफ्ट: स्प्रिंग बदलणं सोपं, बाकीची गाडी जुळवणं हेच काम

गाडी उंच करायला जुनी स्प्रिंग काढून जास्त उंचीची बसवायची, एवढंच हे काम असतं तर दोन परिच्छेदांत लेख संपला असता. पण एक्सल आणि चासी यांच्यामध्ये फक्त स्प्रिंग नसते. एक्सलला बाजूला सरकू न देणारा पॅनहार्ड रॉड असतो, स्टिअरिंगचा जोर चाकाकडे नेणारी ड्रॅग लिंक असते, ब्रेकचे होज, एबीएसच्या वायरी, एक्सल फिरवणारा प्रोपेलर शाफ्ट, हँडब्रेकची केबल, डिफरन्शियलचा ब्रीदर पाइप (हवा जायची नळी) असं बरंच काही असतं. या प्रत्येकाची लांबी कारखान्यात मूळ उंची धरून ठरलेली असते. चासी ५० मिलिमीटर वर गेली की कुणाचा कोन बदलतो, कुणाला ताण बसतो, कुणी बाजूला सरकतं. लिफ्ट केलेली गाडी रस्त्यावर भरकटते, थरथरते किंवा ब्रेकला वेगळी वागते, तेव्हा दोष बहुतेक वेळा नव्या स्प्रिंगचा नसतो. या बाकीच्या मंडळींकडे कुणी पाहिलेलंच नसतं.

इथे उदाहरण म्हणून पुढे कॉइल स्प्रिंगवरचा सॉलिड एक्सल आणि मागे पाटे (लीफ स्प्रिंग), अशी चारचाकी ड्राइव्हची गाडी धरली आहे. चारही बाजूंना कॉइल किंवा चारही बाजूंना पाटे असतील तर दोन्हींपैकी लागू पडणारा भाग दोनदा वाचा. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर त्याबद्दल शेवटाकडे वेगळं लिहिलं आहे.

किती उचलायची

बॉडी लिफ्ट आणि सस्पेन्शन लिफ्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बॉडी लिफ्टमध्ये चासी आणि बॉडी यांच्यामध्ये ठोकळे बसतात. मडगार्डखाली टायरला जागा मिळते, पण चासी होती तिथेच राहते. सस्पेन्शन लिफ्टमध्ये चासी एक्सलपासून वर जाते. त्यामुळे गाडीचं पोट, पुढचा बंपर आणि मागचा भाग अडथळ्यांपासून सुटतो. मात्र डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून होता तेवढ्याच उंचीवर राहतो. तो वर न्यायचा तर मोठा टायर हा एकच मार्ग, आणि तिथेही हिशेब अर्धाच मिळतो. २९ इंची टायरच्या जागी ३१ इंची घातला तर गोळा एकच इंच वर जातो.

घरी पहिल्यांदा करणाऱ्याला माझा सल्ला ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंचांचा. एवढ्या उंचीत बहुतेक गाड्यांचे शाफ्ट आणि लिंक थोड्या जुळवाजुळवीनं निभावून जातात. १०० मिलिमीटरला गेलात की नवे आर्म (एक्सलला चासीशी जोडणाऱ्या दांड्या), नवे शाफ्ट, वेगळं स्टिअरिंग असा सगळाच प्रपंच मागे लागतो, आणि ते पहिल्याच खेपेला अंगावर घेण्यात शहाणपण नाही.

उंचीची किंमत स्थैर्यात मोजावी लागते. दोन चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट, हा गाडी उलटण्याचा साधा निर्देशांक आहे. समजा अंतर १५०० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य ७०० वर असेल, तर निर्देशांक १.०७ येतो. स्प्रिंग आणि टायर मिळून तो मध्य ७५ मिलिमीटर वर गेला की आकडा ०.९७ होतो. म्हणजे चांगली पकड असलेल्या रस्त्यावर जोरात वळवलं, तर घसरण्याआधी उलटण्याच्या बाजूला गाडी झुकली. हा हिशेब आपल्या गाडीचे आकडे घालून एकदा कागदावर करून पाहा. जिथे गाडी नोंदली आहे तिथले बदलांचे नियम आणि विम्याच्या अटीही याच टप्प्यावर वाचायच्या, स्प्रिंग घरात येऊन पडल्यावर नाही.

किटमध्ये काय हवं, काय नको

कॉइलखाली ठोकळा घालून उंची मिळते, पण चाकाच्या वरखाली प्रवासाची लांबी वाढत नाही, आणि शॉकअप मूळचाच ठेवला तर चाक खाली लोंबताना तोच आधी ताणला जातो. उंच स्प्रिंग आणि तिला साजेसा लांब शॉकअप ही जोडी बरी. पाट्यांच्या बाबतीत चार रस्ते आहेत: पूर्ण नवा संच, एखादा जादा पाटा, लांब शॅकल (पाट्याचं मागचं टोक चासीला जोडणारी हलती पट्टी), किंवा एक्सल आणि पाट्यांमध्ये ठोकळा. लांब शॅकलमधून वाढीव लांबीच्या निम्मीच उंची मिळते, शिवाय एक्सलही जरा फिरतो. ठोकळा फक्त मागच्या एक्सलला चालतो. पुढच्या एक्सलला कधीही नको आणि ठोकळ्यावर ठोकळा तर कुठेच नको. जोरात ब्रेक लागला की एक्सल फिरू पाहतो, आणि ठोकळा जितका उंच तितकी त्या फिरण्याला तरफ मिळते. नव्या संचाला खर्च जास्त, पण पुन्हा पुन्हा गाडीखाली जावं लागत नाही.

खोकं उघडल्यावर स्प्रिंगवरच्या चिठ्ठ्या पाहा. अनेक किटमध्ये डावी आणि उजवी स्प्रिंग वेगळी असते, कारण इंधनाची टाकी, बॅटरी, चालक यांचं वजन दोन्ही बाजूंना सारखं नसतं. मी पहिल्या खेपेला चिठ्ठ्या फाडून टाकल्या आणि मग काम पूर्ण झालेली गाडी एका बाजूला मान टाकून उभी राहिली. दुसरा दिवस त्या दोन स्प्रिंगा अदलाबदल करण्यात गेला.

पाटे एक्सलला आवळून धरणारे यू बोल्ट मात्र नवेच हवेत. घट्ट करताना ते ताणले जातात आणि त्या ताणावरच पाट्यांना धरून ठेवतात. एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा तेवढीच पकड देईल याची खात्री नसते. नायलॉनच्या कड्याचे नट, स्प्लिट पिनाही नव्या घ्या.

जागा आणि हत्यारं

सपाट, कडक काँक्रीटची जमीन हवी. मातीवर किंवा उतारावर हे काम करायचं नाही. चांगला ट्रॉली जॅक, चार जॅक स्टँड, लाकडी पाचरी, टॉर्क रेंच, लांब टॉमी, सॉकेटचा संच, बॉल जॉइंट सोडवायचा पुलर, दोन रॅचेट पट्टे, तारेचा ब्रश, गंज सोडवणारं तेल. शक्य असेल तर दुसरा जॅक घ्या. एक्सल दोन्ही टोकांना वेगवेगळा हलवता आला की निम्मं काम हलकं होतं. गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल हाताशी हवं, कारण टॉर्कचे आकडे अंदाजानं चालत नाहीत. ते पाउंड-फुटात असतील तर १.३६ नं गुणल्यावर न्यूटन-मीटर मिळतात.

स्टँडऐवजी सिमेंटचे ब्लॉक किंवा विटा वापरू नका. एका बिंदूवर भार आला की त्या पूर्वसूचना न देता फुटतात. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकंसुद्धा घालायचं नाही. काढलेली चाकं चासीखाली आडवी सरकवून ठेवली की स्टँड हुकला तरी मध्ये काहीतरी असतं.

कामाच्या दोन-तीन दिवस आधीपासून रोज संध्याकाळी प्रत्येक बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारत राहा. ब्रशनं आटे साफ करा. आधी घातलेला हा अर्धा तास कामाच्या दिवशी तीन तास वाचवतो, विशेषतः पाट्याच्या पुढच्या डोळ्यातल्या (टोकाच्या गोल भोकातल्या) बोल्टवर. तिथे बुशच्या (रबरी अस्तराच्या) आतली पोलादी नळी बोल्टला गंजून चिकटते, मग नट सुटतो आणि बोल्ट नुसता गरागरा फिरतो, बाहेर काही येत नाही. तसं झालं तर कापण्याशिवाय इलाज राहत नाही, म्हणून हा बोल्टही नवा आणून ठेवावा.

आधी मोजा

चारही कोपऱ्यांत चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका. टायरमधली हवा कमीजास्त असली की आकडा खोटा येतो. पुढच्या एक्सलचं मध्यावर असणंही तपासा: दोन्ही मडगार्डांवरून ओळंबा सोडून टायरच्या बाहेरच्या कडेपर्यंतचं अंतर घ्या. स्टिअरिंग सरळ असताना त्यावर चिकटपट्टीची खूण करा. प्रोपेलर शाफ्ट आणि पिनियनचा (शाफ्ट डिफरन्शियलला जिथे जोडतो त्या टोकाचा) कोन मोबाइलमधल्या लेव्हलनं टिपता येतो. सगळ्या होजांचे, वायरींचे फोटो काढा. संध्याकाळी ‘ही क्लिप कुठली?’ हा प्रश्न पडतोच.

मागची बाजू

मी नेहमी मागून सुरुवात करतो. पाट्यांचं काम अंगमेहनतीचं, पण त्यात बारकावे कमी. पुढच्या एक्सलकडे जाईपर्यंत हात बसलेला असतो.

पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी पाचरी लावा. हँडब्रेक बहुधा मागच्याच चाकांवर असतो, त्यामुळे मागची बाजू उचलल्यावर त्याचा उपयोग नाही. चाकांचे नट जमिनीवर असतानाच पाव वळसा ढिले करा. मग गाडी उचलून चासीला, पाट्याच्या पुढच्या हँगरच्या जरा पुढे, दोन स्टँड द्या. चाकं काढा आणि जॅक एक्सलखाली आणून त्याचं वजन जेमतेम पेला.

आता एक्सलला चासीशी बांधून ठेवणाऱ्या बारीकसारीक गोष्टी सोडवा: शॉकअपचा खालचा बोल्ट, ब्रेक होजचा ब्रॅकेट, हँडब्रेक केबलच्या क्लिपा, एबीएसची वायर, ब्रीदर. यानंतरचं काम एका वेळी एकाच बाजूचं करा. दुसऱ्या बाजूचे यू बोल्ट जागेवर असले की एक्सल फिरत नाही आणि मागेपुढे निसटत नाही. दोन्ही बाजू एकदम मोकळ्या केल्या तर जॅकवरचा एक्सल स्वतःच्या मर्जीनं डोलू लागतो, आणि तो एकट्या माणसाला आवरत नाही.

यू बोल्ट काढा, जॅक थोडा उतरवा, मग शॅकलचा बोल्ट आणि शेवटी पुढच्या डोळ्याचा बोल्ट. पाट्यांचा संच दिसतो त्यापेक्षा जड असतो. तो पोटावर पडणार नाही अशा बेतानं बाजूला बसा. नवा संच बसवण्याआधी पुढचं टोक कोणतं ते पाहा. पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट बरोबर मध्यावर असेलच असं नाही, आणि उलटा बसवला तर एक्सल काही सेंटिमीटर पुढे किंवा मागे जातो.

आधी पुढचा डोळा, मग शॅकल. दोन्ही बोल्ट हातानं लागतील तेवढेच. नव्या पाट्याला बाक जास्त असतो, त्यामुळे दोन डोळ्यांमधलं अंतर जुन्यापेक्षा कमी भरतं आणि शॅकल पोचत नाही. हातोडी उचलण्याऐवजी रॅचेट पट्ट्यानं शॅकल पाट्याकडे ओढून घ्या. मग जॅकनं एक्सल वर आणा आणि सेंटर बोल्टचं डोकं एक्सलवरच्या भोकात नीट उतरलंय हे बोट घालून तपासा. डोळ्यांनी ते पटकन कळत नाही, आणि ते कडेवर बसलं तर यू बोल्ट कितीही आवळा, काही दिवसांत सगळं सैल होतं.

यू बोल्ट फुलीच्या क्रमानं, थोडे थोडे करून घट्ट करा. चारही टोकांना नटाबाहेर सारखेच आटे दिसले पाहिजेत. शॉकअप गॅसचे असतील तर त्यांना बांधलेली पट्टी सगळ्यात शेवटी कापा, नाहीतर तो पूर्ण उघडतो आणि पुन्हा दाबून बसवताना घाम फुटतो. डोळ्याचे आणि शॅकलचे बोल्ट अजून ढिलेच राहू द्या. कारण पुढे येतं.

पुढची बाजू

मागची चाकं लावून गाडी खाली घ्या, मागच्या चाकांना पाचरी लावा आणि पुढची बाजू तशीच उचला. स्टँड चासीवर, खालच्या आर्मच्या ब्रॅकेटच्या मागे. जॅक एक्सलखाली. इथे सोडवायची यादी लांब आहे: अँटी-रोल बारच्या लिंक, पॅनहार्ड रॉडचं एक्सलकडचं टोक, ड्रॅग लिंकचं चाकाकडचं टोक, शॉकअप, होजांचे ब्रॅकेट, वायरी, ब्रीदर. बॉल जॉइंट सोडवायला दुतोंडी फोर्क ठोकला तर रबर फाटतं. पुलर लावा, किंवा नट आट्यांवर थोडा ठेवून ज्या भागात निमुळता पिन बसलाय त्याच्या बाजूवर हातोडीचे दोन ठोके द्या.

जॅक हळूहळू उतरवा आणि दर थोड्या अंतरावर थांबून होज, वायरी, शाफ्ट बघा. काहीही तारेसारखं ताणलेलं दिसलं तर थांबा आणि तेही सोडवा. एक्सल पुरेसा खाली गेला की स्प्रिंग हातानं निघते. नाहीच निघाली तर आर्मचे बोल्ट ढिले करून विरुद्ध टोक जॅकनं वर दाबा, या टोकाला जागा होते. स्प्रिंग कम्प्रेसरची गरज अशा एक्सलवर सहसा पडत नाही, आणि पडू नये हेच चांगलं. दाबलेल्या स्प्रिंगमधली ताकद हाड मोडायला पुरेशी असते.

स्प्रिंग बाहेर आहे हीच वेळ खरी तपासणीची, आणि नेमकी हीच पायरी बहुतेक जण गाळतात. नवी स्प्रिंग न घालता फक्त नवा शॉकअप लावा आणि जॅकनं एक्सल बंप स्टॉपला (त्याची वरची धाव अडवणाऱ्या रबराला) टेकेपर्यंत वर न्या. शॉकअपमध्ये अजून निदान १५ ते २० मिलिमीटर दांडी शिल्लक आहे का? नसेल तर खड्ड्यात आपटताना भार रबरावर न येता शॉकअपच्या तळावर येईल आणि तो आतून फुटेल. अशा वेळी किटमधला बंप स्टॉपचा ठोकळा घालायचा, तो शोभेचा भाग नाही. मग एका बाजूला पूर्ण वर, दुसऱ्या बाजूला पूर्ण खाली असं करून पाहा. चाक लावून, स्टिअरिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवून पाहा. टायर कुठे घासतो, होज कुठे अडकतो, शाफ्टचा क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) कुठे आपल्या फोर्कला टेकतो, हे सगळं इथे गॅरेजमध्ये निवांत दिसतं. तेच दगडांवर लटकलेल्या गाडीत बघायची वेळ येऊ नये.

आता स्प्रिंग. खालच्या वाटीत एक पायरी असते. स्प्रिंगचं शेपूट त्या पायरीला टेकलं पाहिजे. वरचं रबर जुनं, चिरलेलं असेल तर बदला. एक्सल वर आणा, शॉकअप, लिंक, होज जागेवर लावा. पॅनहार्ड रॉड आत्ता जुळणार नाही, त्याला सोडून द्या. चाकं लावून गाडी जमिनीवर घ्या.

चाकांवर उभी राहिल्यावर

पॅनहार्ड रॉडची लांबी ठरलेली आहे. चासी वर गेली की रॉड तिरका होतो, त्याची आडवी पोच कमी होते, आणि तो एक्सलला चासीवरच्या आपल्या टोकाकडे ओढतो. रॉड ८०० मिलिमीटरचा आणि दोन टोकांच्या उंचीत ५० चा फरक असेल, तर ५० मिलिमीटर लिफ्टनं एक्सल सुमारे ५ मिलिमीटर सरकतो. १०० मिलिमीटर लिफ्टनं तोच आकडा साडेबाराच्या घरात जातो. पाच मिलिमीटर चालवून घेता येतात, बारा नाहीत. लांबी बदलता येणारा रॉड असेल तर ओळंब्याची मापं सारखी येईपर्यंत जुळवा. बोल्टचं भोक जुळत नसेल तर इंजिन चालू न करता कुणालातरी स्टिअरिंग हलकं फिरवायला सांगा, किंवा रॅचेट पट्ट्यानं एक्सल ओढा.

ड्रॅग लिंक आणि पॅनहार्ड रॉड समोरून पाहिल्यावर समांतर दिसले पाहिजेत. दोघांचे कोन वेगळे झाले तर खड्ड्यावर चाक वरखाली होताना गाडी आपसूक वळते. म्हणूनच फक्त एकाचं टोक खाली आणणारा भाग बसवणं म्हणजे एक दुखणं घालवून दुसरं आणणं. ड्रॅग लिंकची लांबी जुळवून स्टिअरिंग चिकटपट्टीच्या खुणेवर आणा. हे नुसतं दिसण्यासाठी नाही. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल असलेल्या गाडीत स्टिअरिंग वाकडं राहिलं तर संगणकाला वाटतं चालक वळतोय आणि गाडी सरळ चाललीय, आणि तो नको तिथे एखाद्या चाकाचा ब्रेक लावू शकतो.

आता त्या ढिल्या ठेवलेल्या बोल्टांकडे. रबरी बुशच्या आतली नळी बोल्टनं ब्रॅकेटला जखडली जाते आणि रबर पिळूनच आर्म हलतो. एक्सल हवेत लोंबत असताना बोल्ट आवळला तर तीच रबराची विश्रांतीची जागा ठरते. गाडी खाली घेतली की रबर कायमचं पिळलेलं. काही महिन्यांत ते फाटतं, उंचीही खोटी येते, चाल दगडासारखी लागते. म्हणून गाडी चाकांवर, पूर्ण वजनात, बंपरवर दाबून चार-पाचदा हेलकावे दिल्यावरच पाट्यांचे डोळे, शॅकल, आर्म, पॅनहार्ड यांचे बोल्ट टॉर्क रेंचनं घट्ट करा. यू बोल्टवरही पुन्हा एकदा रेंच फिरवा. माझ्या पहिल्या गाडीचे बुश मी हवेतच आवळले होते. ‘ही स्प्रिंगच कडक आहे’ म्हणत कित्येक महिने स्प्रिंगला शिव्या घातल्या, मग खाली वाकून पाहिलं तर रबर चिंध्या झालेलं.

कॅस्टर आणि शाफ्ट

पुढचा एक्सल ज्या आर्मवर टांगला आहे, त्याभोवती तो फिरतो. एक्सलला घट्ट धरणारा ९०० मिलिमीटरचा रेडियस आर्म असेल तर ५० मिलिमीटर लिफ्टला एक्सल सुमारे ३ अंश फिरतो आणि तेवढाच कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो. कॅस्टर कमी झाला की स्टिअरिंग सोडल्यावर स्वतःहून मध्यावर येत नाही, वेगात गाडी इकडेतिकडे हुंगत चालते. यावर उपाय म्हणजे मध्यापासून सरकवलेल्या भोकाचे बुश, आर्मचे ब्रॅकेट खाली आणणं, किंवा नवे आर्म. चार वेगळे आर्म असतील तर फरक बराच कमी पडतो.

मागे शाफ्टचं गणित वेगळं. दोन्ही टोकांना एकेकच क्रॉस असेल तर ट्रान्सफर केसकडचा (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीकडचा) आणि पिनियनकडचा कोन सारखा हवा, म्हणजे एका क्रॉसची चढउतार दुसरा खोडून काढतो. वरच्या टोकाला दुहेरी क्रॉस असेल तर पिनियनचं तोंड जवळजवळ शाफ्टच्याच रेषेत हवं. पाट्यांवर हे जुळवायला एक्सलखाली निमुळत्या पट्ट्या मिळतात. पोलादी घ्या, ॲल्युमिनियमच्या चेपतात. सरकता जोड किती बाहेर आलाय तेही पाहा. फार थोडा आत उरला असेल तर शाफ्ट लांब करून घेणं भाग आहे.

ब्रेक: इथे घाई नको

चाक पूर्ण खाली लोंबताना, स्टिअरिंग दोन्ही टोकांना असताना, प्रत्येक होजला थोडी तरी ढील हवी. नसेल तर ब्रॅकेट खाली आणा किंवा लांब होज बसवा. होज बदलला म्हणजे लाइन उघडली, म्हणजे हवा काढणं आलंच. टाकीच्या झाकणावर लिहिलेल्याच प्रकारचा फ्लुइड वापरा आणि तो रंगावर सांडू देऊ नका. कॅलिपर कधी काढावा लागला तर तारेनं टांगा, होजवर लोंबू देऊ नका.

याहून जास्त विसरली जाणारी वस्तू म्हणजे मागच्या एक्सलवरचा भार ओळखणारा ब्रेक व्हॉल्व. अनेक मालवाहू आणि ऑफ-रोड गाड्यांत चासीवर हा व्हॉल्व असतो आणि एका दांडीनं एक्सलला जोडलेला असतो. गाडी भरली की चासी एक्सलकडे येते, दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. लिफ्टनंतर चासी एक्सलपासून दूर गेली की व्हॉल्वला वाटतं गाडी कायमच रिकामी आहे. मागचे ब्रेक अर्धवट लागतात, आणि पेडलवर ते जाणवतंच असं नाही. दांडीचा एक्सलवरचा ब्रॅकेट लिफ्टइतकाच वर घ्या, म्हणजे दांडीचा मूळ कोन परत येतो. मघाचा फोटो इथे कामी येतो.

पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर

स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअपच्या एकत्र जोडीच्या) डोक्यावर बसणारा ठोकळा स्वस्त आणि सोपा. लक्षात ठेवायचं ते एवढं की स्ट्रट खालच्या आर्मच्या मधोमध कुठेतरी बसतो, त्यामुळे २५ मिलिमीटरचा ठोकळा चाकाशी ४० ते ५० मिलिमीटर उंची देतो. ठोकळ्याची जाडी म्हणजे लिफ्ट, असं धरून मागवणाऱ्यांची गाडी नाक वर करून बसते. स्ट्रट उघडून स्प्रिंग बदलायची असेल तर तेवढं काम कम्प्रेसर असलेल्या जाणकाराकडून करून घ्या, किंवा जोडून आलेला स्ट्रट विकत घ्या. घरगुती कम्प्रेसरवर मी स्वतः हात घालत नाही.

वरचा बॉल जॉइंट सुटल्यावर नकल (चाकाचा हब धरणारा भाग) बाहेर कलंडू देऊ नका, तारेनं बांधा. नाहीतर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जोड उखडतो. लिफ्टनंतर त्या शाफ्टचा कोन तीव्र होतो आणि रबरी बूटच्या घड्या एकमेकींवर घासतात. ५० मिलिमीटरच्या पुढे जायचं तर डिफरन्शियल खाली आणणारे ब्रॅकेट आणि नवे वरचे आर्म यांचा विचार करावाच लागतो. टॉर्शन बार असलेल्या गाडीत बोल्ट पिळून उंची मिळते, पण ती खालच्या प्रवासातून उसनी घेतलेली असते. चाकाला खड्ड्यात उतरायला जागाच राहत नाही आणि चाकाची खालची धाव अडवणाऱ्या स्टॉपवर गाडी खडखडत चालते.

पहिली फेरी आणि त्यानंतर

टो (पुढची चाकं समोर किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते) घरी मोजता येतो: पुढच्या दोन्ही टायरच्या मध्यरेषांमधलं अंतर टायरच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला, हबच्या उंचीवर. मॅन्युअलमधल्या आकड्याच्या जवळ आणून ठेवा, पण अलाइनमेंटच्या मशीनवर गाडी न्यायचीच. कॅस्टर तिथेच कळेल. हेडलाइट खाली करा, विशेषतः नाक जास्त उचललं असेल तर. समोरच्याच्या डोळ्यांत प्रकाश गेलेला तुम्हाला दिसत नाही. टायर बदलले असतील तर स्पीडोमीटर कमी दाखवणार. २९ वरून ३१ इंचांवर गेल्यास काटा ८० वर असताना खरा वेग साडेपंच्याऐंशीच्या आसपास असतो.

पहिली फेरी मोकळ्या जागेत, माणूस चालतो त्या वेगात. ब्रेक दोन-तीनदा दाबा, स्टिअरिंग टोकाला न्या, ऐका. ‘टक’ असा एकच आवाज येत असेल तर बहुधा एखादा बोल्ट ढिला आहे. वेग वाढला की वाढणारी थरथर शाफ्टच्या कोनातून येते. एखाद्या खड्ड्यानंतर पुढची चाकं आणि स्टिअरिंग जोरात डावीउजवीकडे झटकायला लागली तर गाडी सावकाश थांबवा, आणि आधी पॅनहार्ड रॉडचे बोल्ट पाहा, मग टाय रॉडचे जॉइंट. स्टिअरिंग डॅम्पर बदलून ते लक्षण झाकलं जातं, आजार तसाच राहतो.

१०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट टॉर्क रेंचनं पुन्हा तपासा, यू बोल्ट आणि चाकांचे नट आधी. ५०० ला पुन्हा, १००० ला पुन्हा. बोल्टच्या डोक्यावरून ब्रॅकेटवर रंगाच्या पेनानं एक रेघ ओढून ठेवली की मधल्या काळात नुसतं वाकून बघितलं तरी कोण फिरलंय ते कळतं. १००० च्या तपासणीला चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतची चार मापंही परत घ्या. नव्या स्प्रिंगा तोवर थोड्या बसलेल्या असतात, आणि चारही कोपरे सारखेच बसलेत की एकच खचलाय, हे त्या जुन्या कागदाशेजारी नवे आकडे लिहिल्यावर दिसतं.